ऊट आयता?

ते भेटले, की आधी तुमचा उजवा हात मागून घेत. हस्तांदोलनासाठी नव्हे. मनगट धरायचे, बोटे स्वतःच्या नाकाशी न्यायची, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि हात परत करायचा. मग निकाल.

"हुळी. चिंच जास्त झाली आज."

किंवा, "नुसता ताकभात. भट्टाचं कुणाशी तरी वाजलंय."

हुळी म्हणजे तिकडचे भाज्या घातलेले आंबट वरण, आणि भट्ट म्हणजे आमच्या वसतिगृहाचा आचारी. निकाल सहसा चुकत नसे. हात धुतलेला असला तरी चुकत नसे. साबणाने घासून धुतला असेल तर म्हणत, "साबण. म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी खाल्लंय."

प्रत्येक कॉलेजात एक विक्षिप्त मास्तर असतो. तुमच्याही असेल. त्याच्या गोष्टी सांगून आपण पुढे आयुष्यभर हसत राहतो. मीही त्यांना पहिले काही दिवस त्याच कप्प्यात ठेवले होते.

मी पुण्याहून बंगळूरला इंग्रजी शिकवायला आलो, तेव्हा खोली मिळेपर्यंत कॉलेजच्या वसतिगृहात राहा असे मला सांगण्यात आले. वसतिगृह बसवनगुडीत होते. रात्रभराच्या प्रवासाने मी सकाळी अंथरुणात मेल्यासारखा पडलो होतो. दार वाजले. दारात एक उंच, वाकलेले, बंद गळ्याच्या कोटातले गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "ऊट आयता?"

मला ऐकू आले, "ऊठ, आयत्या." मी पुण्याचा असल्यामुळे नव्या माणसाचे असे स्वागत मला अगदीच अपरिचित नव्हते. मी उठून बसलो आणि म्हणालो, "आयता नाही, पगारी आहे."

ते क्षणभर गोंधळले आणि मग दाराची चौकट धरून हसू लागले. "जेवण झालं काय म्हणून विचारलं हो. इथं तसंच विचारत्यात. बघू, हात बघू."

ते निपाणीकडचे. घरी मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. ते मराठीत रागावत, कन्नडमध्ये समजूत काढीत आणि इंग्रजीत फक्त रसायनशास्त्र शिकवीत. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. वसतिगृहाचे वॉर्डन म्हणून तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांना होती. निवृत्तीचे वय होऊन गेले होते आणि कॉलेज त्यांना वर्षावर्षाची मुदतवाढ देत होते. सिल्व्हर नायट्रेटने त्यांच्या उजव्या हाताची बोटे टोकाशी कायमची काळी झाली होती. त्या काळ्या बोटांनी ते तुमचे मनगट धरीत, तेव्हा आपली काहीतरी तपासणी होते आहे असे वाटे. तशी ती होतच असे.

मुले त्यांना पाठीमागे "मूगु" म्हणत. मला वाटले, मूग गिळून गप्प बसणारा माणूस, म्हणून मूग. पुढे कळले की कन्नडमध्ये मूगु म्हणजे नाक. आणि गप्प बसण्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

एकदाच त्यांनी मूग गिळलेले मी पाहिले. आमचे वसतिगृह सोवळे. लसूणसुद्धा चोरून आत यायचा. एका संध्याकाळी एक मुलगा मिलिटरी हॉटेलातून, म्हणजे तिकडच्या सामिष खाणावळीतून, हात चोळचोळून धुऊन आला. यांनी दारातच मनगट धरले. श्वास घेतला. मुलाचा चेहरा पांढरा पडला. मागे कॉलेजच्या मंडळाचे एक सभासद उभे होते.

"काय हो, काय खाऊन आलाय?" सभासदांनी विचारले.

"पेरू," हे म्हणाले. मग मुलाच्या कानाशी, "चांगलं शिजलं होतं काय रे?"

तर, ऊट आयता. त्या शहरात हे सगळेच विचारत. वाणी विचारे, पोस्टमन विचारे, बँकेतला कारकून विचारे. उत्तर ठरलेले, "आयतु," म्हणजे झाले. पोटात काही असण्यानसण्याशी त्या उत्तराचा संबंध नव्हता. इंग्रजीत एकमेकांना "कसे आहात" विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत, हे मी वर्गात शिकवतच होतो. साऱ्या बंगळुरात तो प्रश्न खरोखरीचा प्रश्न म्हणून विचारणारा हा एकच माणूस मला भेटला.

"विचारलं की तपासायचं," ते म्हणत. "तपासायचं नसलं तर विचारू नये. उगीच तोंडाची वाफ."

सत्तावन साली फ्लू आला. मद्रासेकडून आला म्हणाले. आधी कँटोन्मेंटात, मग सिटीत, मग आमच्या रस्त्यावर. आमचा पोस्टमन, तोच, ऊट आयता विचारणारा, चार दिवसांच्या तापात गेला. वसतिगृहाच्या लांब दालनात खाटा ओळीने लागल्या. कण्हणे, कढत पाणी, निलगिरीच्या तेलाचा वास. ज्यांची घरे जवळ होती आणि घरी काही होते, ती मुले ट्रंका घेऊन निघून गेली. बाकीची राहिली. राज्य नव्याने जुळले होते, त्यामुळे सीमेवरची, बेळगाव-विजापूरकडची बरीच गरीब मुले त्या वर्षी पहिल्यांदाच बंगळूरला शिकायला आली होती. ती कुठे जाणार. शिवाय हजेरी भरली नाही तर फीची सवलत जाईल, असा नियम होता, आणि तापाला नियमातून सूट नव्हती.

याच सुमारास कॉलेजच्या मंडळाने काटकसर करायचे ठरवले.

मंडळाचे अध्यक्ष रावबहादूर होते. ही पदवी देणारे सरकार दहा वर्षांपूर्वी बोटीत बसून गेले, पदवी मात्र फाटकावरच्या पाटीवर दरवर्षी नव्याने रंगत असे. घराणे चार पिढ्यांपूर्वी तंजावरकडून आलेले. मराठी बोलत ती जुनी, दरबारी, आणि मध्येच कन्नड. अंगाला हिना अत्तर. ते कॉलेजात आले की जिन्याच्या खालीच कळे. त्यांनी विज्ञानशाखेच्या नव्या इमारतीपुढे एक दगडी कमान उभारायला घेतली होती. उद्घाटनाला मंत्री यायचे होते. कमानीवर एक संस्कृत वचन कोरायचे होते आणि ते कोणते, हे ठरवायला पोटसमिती नेमली होती. मराठीत सबकमिटीला पोटसमिती म्हणतात. वचन ठरवता ठरवता याच समितीने गरीब विद्यार्थ्यांचे मोफत जेवण बंद केले, एवढाच तिचा पोटाशी संबंध.

सूचना सभ्य होती. साथीमुळे उत्पन्न घटले आहे, तरी मोफत भोजनाची योजना "तूर्त स्थगित" करण्यात येत असून संबंधितांनी आपापली सोय पाहावी. गवंडी मात्र रोज येत होते. दालनात मुले तापाने कण्हत आणि बाहेर छिन्नी चाले.

संबंधितांनी आपापली सोय पाहिली. म्हणजे वार लावले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी आठवड्याची जेवणे वाटून घ्यायची ही रीत आपल्याकडची तशीच तिकडचीही. तिथे तिला वारान्न म्हणतात. शब्दही तोच, लाजही तीच. आमच्या मुलांचे आजेही असेच शिकले होते. फरक इतकाच, की त्या वर्षी घराघरात ताप होता. मुलगा दारात उभा राही आणि आतून बाईचा आवाज येई, "आमच्यात जोर आहे रे तम्मा, मुंदिन वार बा." ताप आहे बाळा, पुढच्या आठवड्यात ये. ते पुष्कळदा खरे असे. आणि ताप नसलेल्या घरांना वसतिगृहातली पोरे ताप घेऊन येतील ही भीती. तीही खोटी नव्हती.

या मुलांत बसू होता. बसवराज. अथणीकडचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बारीक अंगाचा, शब्द मोजून बोलणारा. रसायनात पहिला. वडील नव्हते, आई दुसऱ्यांच्या शेतावर जाई. फीची सवलत गेली की त्याचे शिक्षण संपले, हे त्याला आणि आम्हा सगळ्यांना माहीत होते. त्याच्या सात वारांपैकी पाच वार महिन्याभरात बंद झाले.

वॉर्डनला जेवणाला एक पाहुणा आणता येत असे. तसा नियम होता. पाहुणा म्हणजे कोण, हे नियमात नव्हते. यांनी लगेच पाहुणे आणायला सुरुवात केली. रोज सकाळ-संध्याकाळ एक. भट्ट विचारी, "आज कोण पाहुणे, सार?" हे एखाद्या मुलाला पुढे करून म्हणत, "हे आमच्या अथणीचे. लांबून आलेत."

(तिथे शिक्षकाला सगळे "सार" म्हणतात. जेवणातले सार वेगळे. भट्टाच्या हातून दोन्ही पातळ होत.)

पण पाहुण्याची जागा एक आणि उपाशी मुले दहा-बारा. त्यातला कोण आज सर्वात रिकामा, हे ठरवायचे कसे? विचारून उपयोग नव्हता. विचारले की प्रत्येकजण म्हणे, "आयतु, सार." कुणाला दुसऱ्याची पाळी खायची नसे, कुणाला वार मोडला हे सांगण्याची शरम. म्हणून जेवणाच्या घंटेआधी हे भोजनगृहाच्या दारात उभे राहत आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात धरीत.

"वांगं. कुठल्या घरचं? बरं. पुढं हो."

"पोहे. सकाळचे. तू थांब जरा."

"काही नाही. काल पण काही नव्हतं. चल आत, पाहुण्या."

तेव्हा मी त्यांच्यावर हसणे बंद केले. ते नाक म्हणजे त्या मुलांचे अन्न होते. फ्लूच्या दिवसांत डॉक्टर सांगत होते, कुणाच्या हाताला हात लावू नका. मी त्यांना तसे म्हणालो.

"मग हुंगू कसं?" ते म्हणाले.

व्हायचे तेच झाले. ते आजारी पडले. आठवडाभर ताप उतरेना. बसू त्यांच्या खोलीत जमिनीवर निजे, पेज करून पाजी, कपाळावर घड्या ठेवी. मी दाराशी जाऊन बघत असे. मोठे नाक तेवढे वर आलेले, बाकी माणूस अंथरुणाला मिळालेला. पाहुण्याची जागा तेवढे दिवस रिकामी राहिली, कारण पाहुणा आणायला यजमान लागतो असे मेसच्या चिटणिसाचे मत होते.

ते उठले. काठी टेकत भोजनगृहाच्या दारात उभे राहिले. पुन्हा हात, पुन्हा श्वास.

"हुळी. बरं, पुढं हो."

सगळ्यांना बरे वाटले. मलाही. त्यांच्या निकालातली वांगी, पोहे, ताक आणि "काही नाही" हे सगळे जाऊन नुसती हुळीच उरली आहे आणि पाहुण्याची जागा रिकामीच राहते आहे, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

एके दिवशी दुपारी मी वर्ग संपवून प्रयोगशाळेवरून जात होतो. मुले तोंडावर रुमाल धरून व्हरांड्यात पळत आलेली. कुणीतरी वायूच्या उपकरणाची तोटी उघडी टाकली होती आणि सडक्या अंड्यांचा तो भयंकर वास व्हरांड्यापर्यंत आला होता. तो नुसता घाण नाही, विषारीही असतो. आत ते एकटेच फळ्यावर समीकरण लिहीत होते. शांतपणे.

"अहो, बाहेर या," मी ओरडलो.

त्यांनी वळून पाहिले. आधी मुलांच्या चेहऱ्यांकडे, रुमालांकडे. मग टेबलाकडे. मग कुठे तोटीकडे. जाऊन ती बंद केली आणि म्हणाले, "एवढ्याशा वासाला पळताय? मग केमिस्ट्री कशाला घेतली रे?"

मुले हसली. मला हसू आले नाही. ज्याला वास येतो तो माणूस आधी तोटीकडे बघतो.

संध्याकाळी त्यांना गाठून विचारायचे, असे मी ठरवले. संध्याकाळ व्हायच्या आतच बसू पडला. त्याच प्रयोगशाळेत, हातातल्या परीक्षानळीसकट. काच त्याच्या तळहातात शिरली. आम्ही दोघांनी त्याला टांग्यात घालून सरकारी रुग्णालयात नेले. तिथे व्हरांड्यातही खाटा होत्या. एका दमलेल्या तरुण डॉक्टरने त्याची जीभ पाहिली, पोट दाबले, पापणी वर केली.

"फ्लू नाही," तो म्हणाला. "हा मुलगा जेवतो का?"

"रोज जेवतो," हे म्हणाले. "मी स्वतः बघतो."

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिले आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

बसू शुद्धीवर आला तेव्हा यांनी सवयीने त्याचा हात उचलला. जखमेची पट्टी होती, म्हणून डावा. नाकापर्यंत नेला. तसाच धरून राहिले.

"काल सकाळी काय खाल्लं होतंस?"

बसूने हातावरच्या पट्टीकडे पाहिले.

"मी हुळी म्हटलं."

"होय, सार."

"खाल्ली होतीस?"

"नाही, सार."

"मग होय का म्हणालास?"

बसू छताकडे बघत होता. म्हणाला, "तुम्ही म्हटला म्हणून."

मग तोच पुढे म्हणाला, "तुमचं नाक गेलंय, सार. तापात मी पेज करपवली होती, काळी झाली होती. तुम्ही चांगली झालीय म्हटला. आम्हा सगळ्यांस्नी ठावं आहे. पण तुम्हाला कसं सांगायचं?"

त्यांनी त्याचा हात खाली ठेवला, चादरीवर, फार जपून. परतताना टांग्यात, बसवनगुडी आली तेव्हा म्हणाले, "येईल परत, म्हणून वाट बघत होतो मी. लपवत नव्हतो." मग उतरता उतरता, "लपवतच होतो की."

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. टिपणे घ्यायचे काम इंग्रजीच्या मास्तराकडे असे, म्हणून मी तिथे होतो. विषयपत्रिकेत आधी कमान, मग मोफत भोजन, आणि सर्वात शेवटी वॉर्डनसाहेबांची मुदतवाढ. हा क्रम त्यांनीही वाचला होता. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बंद गळ्याच्या कोटाची सगळी बटणे लावून बसले होते. रावबहादूर आल्यापासून खोली हिन्याने भरून गेली होती. एका सभासदाने खिडकी उघडली.

कमानीचे वचन ठरले. मग भोजन आले.

रावबहादूर म्हणाले, "या विषयात विशेष काही नाही. स्थगिती चालू ठेवावी. मुले आपापली सोय करितात असे दिसते. आयत्या अन्नाने चारित्र्य घडत नाही."

"एक मुलगा रुग्णालयात आहे," हे म्हणाले.

"साथ आहे. दुर्दैव."

"साथीनं नाही. भुकेनं."

रावबहादूर हसले. वाईट हसणे नव्हते ते. जुन्या नोकराच्या लाडक्या सवयीला हसावे तसे होते. "वॉर्डनसाहेब, आपण रोज दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हुंगता, हे साऱ्या बसवनगुडीला ठाऊक आहे. गेला महिनाभर आपण एकालाही उपाशी म्हणाला नाहीत, असे चिटणीस सांगतात. त्याही मुलाला जेवलेला म्हणालात. आता आम्ही आपल्या नाकावर विश्वास ठेवावा, की आपल्या जिभेवर?"

दोन-तीन सभासद हसले. माझी लेखणी थांबली. त्यांनी आता गप्प बसायचे, किंवा "मुलगा खोटे बोलला" असे म्हणायचे, की वर्षभराची खोली, पगार, प्रयोगशाळा सगळे जागेवर राहणार होते. शेवटचा विषय अजून यायचा होता.

ते उठले. रावबहादुरांच्या खुर्चीपाशी गेले. इतके जवळ, की रावबहादूर मागे सरकले.

"आज आपण अत्तर लावलंय काय?"

"हा काय प्रश्न?"

"लावलंय काय, तेवढं सांगा."

"खिडकी कशाला उघडली मग," खिडकीजवळचे सभासद पुटपुटले आणि पुन्हा हशा झाला.

हशा संपेपर्यंत हे थांबले. "मला कळत नाही," ते म्हणाले. "आपल्या इतक्या जवळ उभा आहे, तरी कळत नाही. माझं नाक फ्लूत गेलं. त्या दिवसापासून मी ज्या ज्या पोराला जेवला म्हणालो, तो जेवला असं धरू नका. मी काहीही बघितलं नाही. पोरं मला मान म्हणून होय म्हणत होती आणि उपाशी झोपत होती. हे टिपणात लिहा हो."

शेवटचे वाक्य मला होते. मी लिहिले. बाहेर छिन्नी चालू होती.

रावबहादुरांनी रुमाल काढला, मग काय वाटले कोण जाणे, तो परत खिशात घातला. "नाक नसताना आपण प्रॅक्टिकल कसे घेता?"

"तो आपला पुढचा विषय आहे," हे म्हणाले आणि जाऊन बसले.

मोफत भोजन त्या दिवशी पुन्हा सुरू झाले. कुणाचे हृदय द्रवले, असा गैरसमज नको. मंडळावर एक डॉक्टर होते. त्यांनी निदर्शनास आणले, की मंत्र्यांच्या स्वागताला मुले रांगेत उभी राहणार आहेत, आणि त्यातली दोन-चार कमानीखाली कोसळली तर वर्तमानपत्रात कमानीऐवजी त्यांचे छायाचित्र येईल. ठराव एकमताने झाला. शेवटच्या विषयावरही एकमत झाले. प्रदीर्घ सेवेबद्दल मंडळाने त्यांचे आभार मानले आणि प्रकृतीच्या कारणास्तव मुदतवाढ देता येत नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. खेद हा शब्द मी मूळ इंग्रजीत दोनदा तपासला. शुद्धलेखन बरोबर होते.

बसू आठवड्यात परत आला. त्याच्या गैरहजेरीचे काय, असा प्रश्न चिटणिसाने काढला होता. यांनी जाता जाता वॉर्डन म्हणून शेवटची सही त्याच्या हजेरीवर केली. रुग्णालय हेही शिक्षणाचे ठिकाण आहे, असे ते म्हणाले. चिटणिसाला हे बरोबर वाटले की काय कोण जाणे, पण त्याने वाद घातला नाही.

ते बेळगावच्या गाडीने निघाले. निपाणीला पुतण्याकडे जाणार होते. सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. मी सकाळभर पेपर तपासत होतो, वेळ विसरलो आणि धावत स्टेशनवर पोचलो. फलाटावर पाहतो तर वसतिगृहातली सगळी मुले. भट्टाने त्या दिवशी जेवण लवकर वाढले होते.

मुले त्यांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. प्रत्येकाने उजवा हात जरा अंगापासून दूर धरलेला. तेव्हा माझ्या लक्षात आले, की कुणीही हात धुतलेला नव्हता. बसवनगुडीपासून सिटी स्टेशनपर्यंत ती पोरे खरकट्या हातांनी चालत आली होती. आमच्या सोवळ्या वसतिगृहाच्या इतिहासात असे आधी झाले नसेल.

एकेकजण पुढे होऊन खिडकीत हात घाली. ते काळ्या बोटांनी मनगट धरीत, हात नाकाशी नेत, डोळे मिटत.

"ऊट आयता?"

"आयतु, सार."

"हं. हुळी."

हुळी नव्हती. त्या दिवशी भट्टाने पायसम्, म्हणजे तिकडची खीर, केले होते, आणि तेच सगळ्यांच्या बोटांना चिकटलेले होते. कुणीही बोलले नाही. बसू शेवटी होता. त्याच्या तळहातावर काचेचा व्रण होता. त्याचा हात त्यांनी जास्त वेळ धरला.

"हुळी," ते म्हणाले.

"नाही, सार," बसू म्हणाला. "पायसम्."

ते हसले. "असं सांगायचं असतंय बघ."

शिट्टी झाली. मी पुढे झालो. उजवा हात खिडकीत घातला. त्यांनी तो धरला, पण नाकाशी नेला नाही. उजेडाकडे वळवला, बोटे पसरली, नखे पाहिली.

"ऊट आयता?"

"आयतु," मी म्हणालो.

"शाई आहे. हळद कुठं आहे?" त्यांनी माझा हात सोडला आणि मागे वळून वळकटीवरचे केळीच्या पानाचे पुडके उचलले. भट्टाने प्रवासासाठी बांधून दिलेला भात होता तो. "नाक गेलं, पुणेकर. डोळे आहेत की."

"अहो, तुमचं रात्रीचं—"

पण गाडी हलली होती. पुडके माझ्या हातात होते, अजून कोमट. खिडकीतून तो काळ्या टोकांच्या बोटांचा हात बाहेर आला. निरोपाचा हलवतात तसा त्यांनी तो हलवला नाही. बोटे एकत्र जुळवून तोंडाकडे नेली, पुन्हा एकदा नेली. जेव, जेव.

मी फलाटावर उभ्याउभ्याच पान सोडले. मुले माझ्याभोवती उभी राहून, मी खातो की नाही, ते पाहत होती.